आडोसा: डोहातला आणि काचेतला

यवतमाळ जिल्ह्यातल्या नद्या ऑगस्टात पाहाव्यात आणि मग मे महिन्यात. त्या एकाच जिल्ह्यातल्या आहेत यावर विश्वास बसत नाही. अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, खुनी, निर्गुडा या सगळ्या पावसावर चालणाऱ्या नद्या. उन्हाळा चढला की धार तुटते आणि पाणी डोहाडोहांत मागे राहते. धरणे होण्यापूर्वी तर पुढच्या वर्षीचे माशांचे बियाणे या डोहांतच तगून राहत असे. डोह मासा टिकवतो तो केवळ खोलीमुळे नाही. काठच्या अर्जुन-उंबराची मुळे पाण्यात उतरलेली असतात, बेसॉल्टच्या दगडांच्या कपारी असतात, उथळ कडेला शेवाळ आणि पाणगवत असते. वाम दिवसभर कपारीत किंवा चिखलात दडून राहते, मरळ गवतात घर करून पिलांची राखण करते, चालट दगडाला किंवा बुडालेल्या लाकडाला अंडी चिकटवते. यातले काहीही काढून घेतले तर पाणी तेवढेच राहील, पण मासे तेवढे राहणार नाहीत. घरातल्या काचेच्या टँकमध्ये दगड, लाकूड आणि पाणवनस्पती ठेवतात त्याला आपण सजावट म्हणतो. माझे म्हणणे असे की मासे पाळण्याच्या इतिहासात आडोसा पहिल्या दिवसापासून आहे आणि गरज म्हणूनच आहे. त्याची सजावट झाली ती नंतर, आणि ती का झाली याची कारणे शोधता येतात.

या जिल्ह्यापासून सुरुवात करताना एक अडचण आधीच मान्य केली पाहिजे. मासे आणि तलाव म्हटले की विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली डोळ्यांपुढे येतात. तिथे गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी हजारो तलाव बांधले. यवतमाळ हा वऱ्हाडातला जिल्हा. १९०५ साली वणी जिल्ह्याचे नाव जाऊन यवतमाळ हे नाव आले, वाशीमकडचा पुसद तालुका त्याला जोडला गेला आणि आजचा जिल्हा साधारण तेव्हा आकाराला आला. कापसाच्या काळ्या जमिनीच्या या मुलखात गावोगाव भातासाठी तलाव राखण्याची गरज पडली नाही, त्यामुळे तलावाची ती संस्कृतीही इथे रुजली नाही. इथला भोई आणि धीवर नदीवर जगला. म्हणूनच इथला पुरावा तलावाच्या कागदपत्रांत शोधून मिळत नाही. तो नदीत मासा कुठे राहतो आणि माणूस त्याला कुठे गाठतो, यात आहे.

आणि माणूस त्याला डोहातच गाठत आला. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर अहवाल लिहिला. बारीक जाळ्या, सापळे, आटत्या पाण्यातले विषप्रयोग आणि त्यांत होणारा पिलांचा संहार ही त्याची मुख्य तक्रार होती. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात गेळफळासारखी फळे ठेचून पाण्यात कालवायची आणि भुललेले मासे वेचायचे ही रीत जुनी आहे. वाहत्या पुरात ती चालत नाही. पाणी कोंडलेले लागते. १८९७ च्या हिंदुस्थान मत्स्य कायद्याने मासे मारण्यासाठी पाण्यात विष घालणे आणि स्फोटके वापरणे हे दोन्ही गुन्हे ठरवले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा असेच कोंडलेले पाणी होते, जिथे एका सकाळी अख्ख्या पट्ट्यातली वीण संपवता येते.

यावर कोणी म्हणेल की हे ज्ञान मारण्याचे आहे, पाळण्याचे नाही. मासा कपारीत असतो हे कोळ्याला ठाऊक असते ते हात घालण्यासाठी. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यातल्या मत्स्यविनोदाच्या प्रकरणात माशांचे प्रकार, त्यांचे पाणी, कोणाला कोणते आमिष हे सारे गळ टाकणाऱ्या राजाच्या करमणुकीसाठी सांगितले आहे. तरीही ते माशाच्या राहणीचे निरीक्षणच आहे, आणि निरीक्षणाचा उपयोग दोन्हीकडे होतो. याच महाराष्ट्रात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. खडकात कोरलेला तो खोल डोह वरदायिनी देवीचा मानला जातो आणि त्यातल्या महासीर माशांना कोणी हात लावत नाही. गावाने राखायचे ठरवले तेव्हा एकेक मासा मोजत बसावे लागले नाही. त्यांची राहण्याची जागा राखली, एवढे पुरले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांताच्या जाती-जमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात ढिमरांची एक पोटशाखा शिंगाड्याची शेती करणारी म्हणून नोंदली आहे. मासे धरणारा समाजच तलावात वेल लावत होता, तरंगत्या पानांचे छप्पर पाण्यावर धरत होता. त्यांनी ते माशांसाठी लावले असा दावा मी करणार नाही, शिंगाडा विकून पैसे येत. पण मासा आणि पाणवेल एकाच हातात, एकाच पाण्यात होते. त्यांची फारकत पुढे झाली.

ती फारकत समजून घ्यायला थोडे लंडनला जावे लागते. घरातल्या काचेच्या टँकचा वंश तिथल्या एका रसायनशास्त्रज्ञापर्यंत पोहोचतो. रॉबर्ट वॉरिंग्टनने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे एक रोप ठेवले आणि १८५० मध्ये त्याची हकीकत केमिकल सोसायटीपुढे मांडली. सडणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागले तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या आणि पाणी निवळले. वनस्पती प्राणवायू देते, मासा कर्बवायू देतो, गोगलगाय कुजका भाग खाते, असा हा तोल. इतिहासात एवढेच सांगितले जाते. पण त्याच हकिकतीत एक साधा तपशील आहे ज्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तळाशी वाळू आणि चिखल घातल्यावर त्याने चुनखडीचे आणि वालुकाश्माचे सुटे दगड मांडले, आणि ते असे मांडले की माशांना हवे तेव्हा त्यांच्याखाली जाता यावे. तोलाच्या सिद्धांताशी या दगडांचा काही संबंध नव्हता. प्राणवायूचा हिशेब करणाऱ्या माणसालाही मासे ठेवायचे म्हटल्यावर आडोसा ठेवावासा वाटला, हे मला त्या प्रयोगातले सर्वांत बोलके वाटते.

पुढे सगळा भार तोलाच्या कल्पनेवर पडला. फिलिप गॉसने १८५४ मध्ये आपल्या पुस्तकातून समुद्री अ‍ॅक्वेरियमचे वेड इंग्लंडभर पसरवले. वनस्पती का ठेवायची, तर प्राणवायूसाठी, हे उत्तर घट्ट झाले. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातल्या जेम्स अ‍ॅट्झ यांनी या तोलाला सरळ भ्रम म्हटले. टँकमधला प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या उघड्या पृष्ठभागातून येतो, आणि रात्री वनस्पती स्वतःच तो वापरतात. अ‍ॅट्झ बरोबर होते. घोटाळा त्यानंतरचा आहे. वनस्पतीचे एकच काम सांगितले गेले होते, आणि ते काम पंप आणि फिल्टर अधिक चांगले करू लागल्यावर वनस्पती बेकार ठरली. मग तिच्या जागी प्लास्टिकची हिरवी झुडपे आली, दगडांच्या जागी बुडबुडे सोडणारा पेटारा आणि पाणबुड्याची बाहुली आली. चुकीचे कारण खोडले गेले, आणि खरे कारण कोणी मोठ्याने सांगितलेच नव्हते म्हणून तेही सोबत गेले.

गोल्डफिशच्या काचेच्या गोळ्याची कथा वेगळी. चीनमध्ये गोल्डफिश शतकानुशतके तळ्यांत आणि मग मातीच्या मोठ्या कुंड्यांत वाढवले गेले, वरून पाहण्यासाठी. मातीच्या कुंडीला बाजू असते आणि मासा फक्त वरून उघडा असतो. तोच मासा युरोपात काचेच्या गोळ्यात आला तेव्हा चारी बाजूंनी उघडा झाला. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये असे गोल भांडे वापरायला बंदी घातली, तेव्हा जगभर त्याची थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखे फारसे काही दिसत नाही.

आपल्याकडे घरगुती टँकची हौस शहरांतून आली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि काचेमागचा मासा ही मराठी माणसाच्या सहलीतली गोष्ट झाली. पण विदर्भातल्या खेड्यात भांड्यातला पहिला परदेशी मासा बहुधा हौसेने आलेला नाही. तो आरोग्य खात्याच्या वाटेने आला. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो म्हणून १९१० च्या सुमारास हिंदुस्थानात आणला गेला, त्याचा भाऊबंद गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून आला. आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारातल्या सिमेंटच्या टाकीत गप्पीची पैदास होते आणि तिथून तो गावच्या हौदांत, विहिरींत जातो. माझ्या मुद्द्याला सर्वांत जड आक्षेप याच टाकीतून येतो. हिवतापाच्या कामात सांगतात की पाण्यातले गवत-शेवाळ काढा, नाहीतर मासे अळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. मग घरात मुद्दाम शेवाळ वाढवायचे कशासाठी?

या सूचनेत काय गृहीत धरले आहे ते पाहावे. शेवाळात अळी माशापासून वाचते, म्हणजे शेवाळ आडोसा देते हे आरोग्य खातेही मानते. जो आडोसा अळीला वाचवतो तोच गप्पीच्या पिलालाही वाचवतो. गप्पी पिल्ले घालते आणि भूक लागली की तीच पिल्ले खाते. उघड्या टाकीत त्यांतली थोडीच वाचतात, दाट शेवाळात पुष्कळ वाचतात. विहिरीत अळ्या संपवायच्या आहेत, तिथे गवत काढणे योग्य. दिवाणखान्यातल्या टँकमध्ये अळ्यांचा प्रश्न नाही, कारण तिथे मोजके पाणी आणि पुष्कळ भुकेले मासे असतात. प्रश्न आहे तो एका पेटीत कायमचे कोंडलेल्या लहान-मोठ्या माशांचा. नदीत दुबळा मासा दबंग माशापासून पळून जाऊ शकतो. दोन फुटांच्या पेटीत पळायला जागा नसते, म्हणून नजरेआड होण्याची जागा तरी हवी.

दुसरा आक्षेप दुकानदार करतो: झाडे-दगड भरले तर मासा दिसणार नाही, आणि गिऱ्हाईक पैसे मासा बघायलाच देते. अनुभवी पाळणारे याच्या उलट सांगतात आणि ते तर्कालाही धरून आहे. लपायला जागा नसलेला मासा कोपऱ्याला किंवा फिल्टरच्या नळीमागे चिकटून राहतो, त्याचा रंग उतरतो, कोणी जवळून गेले की काचेवर आपटतो. दोन हातांवर आसरा आहे हे त्याला कळले की तो मोकळ्या पाण्यात येतो. तिसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. टँकमधला मासा पैदास केंद्रात जन्मलेला असतो, त्याने डोह पाहिलेला नाही. मग न पाहिलेल्या गोष्टीची त्याला उणीव कशी वाटेल? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या किस्लिंगर आणि नेविट या संशोधकांनी २००६ मध्ये स्टीलहेड ट्राउटच्या पिलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. तळाशी दगड असलेल्या टाकीत वाढलेल्या पिलांचा अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग, उघड्या टाकीतल्या पिलांपेक्षा मोठा निघाला. ही पिल्लेही पैदास केंद्रातलीच होती, नदी त्यांनीही पाहिली नव्हती.

काही मासे मात्र या नियमात नीट बसत नाहीत. गोल्डफिश आणि इतर कार्प वर्गातले मोठे मासे तळ उकरतात आणि कोवळी रोपे खातात. फ्लॉवरहॉर्न तर १९९० च्या दशकात मलेशियात घडवलेला संकर. त्याला हल्ला करायला काहीतरी लागतेच, रोपे एका रात्रीत उपटून टाकतो. त्यांच्यासाठी जिवंत बाग लावण्याचा हट्ट धरू नये. मातीचे आडवे मडके, जड दगडांची कमान, जाड पानांचे दगडाला बांधलेले रोप एवढे पुरते. आडोसा हवा म्हणजे तो हिरवाच हवा, असे नाही.

मोठ्या प्रमाणावर या वादाचा निकाल जिल्ह्यातच लागतो आहे. पुसदजवळचे पूस धरण, दिग्रसजवळचे अरुणावती, बाभूळगावचे बेंबळा, हिंगोलीच्या सीमेवरचे इसापूर यांनी पाणी कैक पटींनी वाढवले. पण जलाशयाचा काठ दरवर्षी वर-खाली होतो. पाणी उतरले की मैलोगणती उघडा चिखल राहतो आणि मुळे धरणाऱ्या पाणवनस्पतींना तग धरता येत नाही. अशा पाण्यात माशांचे उत्पन्न टिकते ते दरवर्षी बाहेरून आणून सोडलेल्या कटला, रोहू, मृगळाच्या बोटुकलीवर. हे मासे उघड्या पाण्यात वाढतात, पण कोंडलेल्या जलाशयात सहसा वीत नाहीत. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करवली, त्यानंतरच हे बियाणे भरपूर मिळू लागले. मरळीसारखा गवतात वीण करणारा देशी मासा या हिशेबात मागे पडला. जलाशय असा चालू शकतो, कारण त्याला बाहेरून बियाणे आणि राबते हात मिळतात. उघड्या फिश टँकचेही तसेच आहे: दर दोन महिन्यांनी दुकानातून नवे मासे आणले की तोही भरलेला दिसतो.

वेगळा मार्ग गोंदिया-भंडाऱ्यातल्या धीवरांनी दाखवला. गेल्या दीडेक दशकात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेबरोबर त्यांनी, आणि विशेषतः अर्जुनी मोरगाव भागातल्या धीवर स्त्रियांनी, जुने तलाव हाती घेतले. काठ अडवून बसलेली बेशरम नावाची झुडपे उपटली, पावसापूर्वी तळ नांगरला आणि हायड्रिला, वॅलिसनेरिया, कुमुदाच्या जातीच्या देशी वनस्पती हाताने लावल्या. त्यानंतर देशी मासे आणि पक्षी परतले. वॉरिंग्टनच्या पात्रातला वॅलिसनेरिया आणि या स्त्रियांनी चिखलात रोवलेला वॅलिसनेरिया एकाच कुळाचे आहेत. फरक असा की धीवर स्त्रिया ती वनस्पती प्राणवायूसाठी लावत नव्हत्या. अंडी कुठे चिकटतील आणि पिल्ले कुठे दडतील हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत होते.

यवतमाळच्या घरातल्या टँकला या साऱ्यातून जे मिळते ते फार महाग नाही. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आहे. नाल्यातला गुळगुळीत काळा दगड धुऊन टाकला तर तो पाण्यात विरघळत नाही. वणी आणि झरी जामणीकडे मात्र चुनखडक आहे, भूवैज्ञानिक ज्याला पैनगंगा गट म्हणतात तो. तिकडचा दगड किंचित आम्ल पाण्यात झिजतो आणि पाणी अधिक जड करतो. विदर्भाच्या बोअरचे पाणी बऱ्याचदा आधीच जड असते, तेव्हा तिथे काळा दगडच बरा. वॉरिंग्टनने चुनखडी वापरली होती, पण त्याचे मासे गोल्डफिश होते आणि त्यांना जड पाणी मानवते. उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांवर तो सुमारे ७ वर येतो. मे महिन्याच्या रात्री दाट शेवाळाने भरलेल्या टँकमध्ये वनस्पतींची स्वतःची गरजही त्यातूनच भागते, म्हणून पृष्ठभाग हलता ठेवावा आणि रोपे विरळ करावीत. अ‍ॅट्झ यांचे म्हणणे इथे विसरून चालत नाही.

छाटलेली रोपे कुठे टाकायची हाही प्रश्न तितकाच खरा आहे. आपल्या तळ्यांत मुकाट्याने वाढणारी हायड्रिला १९५० च्या दशकात श्रीलंकेतून टँकच्या व्यापाराने फ्लोरिडात गेली आणि तिथले कालवे आणि तळी तिने बुजवून टाकली. एवढासा तुकडाही तिला पुरतो. उलट दिशेने शोभेची म्हणून आलेल्या जलपर्णीने भारतातल्या नद्यांचे काय केले ते सर्वांना दिसते आहे. तेव्हा टँकमध्ये देशी वनस्पती लावावी, परदेशी लावलीच तर छाटलेला भाग उन्हात पूर्ण वाळवून मगच फेकावा, आणि कंटाळा आला म्हणून मासे किंवा रोपे बेंबळ्यात, अरुणावतीत सोडू नयेत.